'टॉयचे मेर्कुर'बद्दल काय वाचू?

अमळनेरकर: मंडळी, एमएच्या सेमिनारला जर्मन प्रबोधनकाळातलं लेखक वीलांडचं 'टॉयचे मेर्कुर' हे नियतकालिक घेतलंय. १७७३ ला जर्मनीतल्या वायमारला सुरू झालं एवढं कळलं, पण दुपारभर लायब्ररीत पंख्याखाली बसून नुसती नावंच वहीत जमा होताहेत, जीव कासावीस झालाय. त्याचं महत्त्व नेमकं कशात?

तापीकाठ: भाऊ, आधी वीलांडच घे. १७७२ ला तो राजपुत्र कार्ल आउगुस्टचा शिक्षक म्हणून वायमारला आला न् दुसऱ्याच वर्षी हे काढलं, नमुना फ्रान्सच्या 'मेर्क्युर द फ्रान्स' या नियतकालिकाचा. आब्डेरा या जुन्या ग्रीक गावातल्या येड्या लोकांवरची त्याची कादंबरी यातच हप्त्याहप्त्याने आली. १७८८ ला कवी शिलरची 'ग्रीसचे देव' ही कविता यात छापली तर धर्मवाले जाम भडकले, तो वाद नक्की वाच.

धुळेकर ताई: मला तर तत्त्वज्ञ राइनहोल्डची पत्रं सगळ्यात महत्त्वाची वाटतात. तत्त्वज्ञ कांटचा मोठा ग्रंथ १७८१ चा, पण भल्याभल्यांच्या डोक्यावरून जायचा, मग १७८६-८७ मध्ये राइनहोल्डने याच अंकांतून तो पत्रं लिहून सोपा करून सांगितला, धर्म आणि नीतीच्या प्रश्नांपासून सुरुवात करून, त्यामुळे लोकांना गोडी लागली आणि त्याला येना विद्यापीठात प्राध्यापकी मिळाली. तो वीलांडचा जावई, बरं का. माझ्या मते सेमिनार यावरच कर.

अमळनेरकर: ताई, खूप आभार, पत्रंच घेतो. म्हणजे १७९० नंतर 'नवा' नाव लावून १८१० पर्यंत चाललं तो भाग शेवटी एका पानात आटपतो.