मदत हवी आहे: चिनी वनौषधी, किडनी आणि अडकलेला सिनॉप्सिस

रानजाई

नमस्कार मंडळी,

मी बीएएमएस, सध्या एमपीएचच्या दुसऱ्या वर्षाला. प्रबंधाचा विषय मोघम ठरलाय: वनौषधींमुळे किडनीला होणारी इजा समाजाच्या पातळीवर मोजायची कशी. सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) या महिनाअखेर द्यायचाय आणि गाडी दोन ठिकाणी अडकली आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

वाचायला बसलं की या विषयातला प्रत्येक रस्ता चिनी औषधांकडेच जातो, कारण सगळ्यांत खोल काम तिथल्याच द्रव्यांवर झालंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्रसेल्समधल्या एका वजन कमी करायच्या क्लिनिकने १९९० साली आपल्या गोळ्यांत दोन चिनी वनस्पती घालायला सुरुवात केली. त्यातली एक होती 'फांग जी'. १९९२ मध्ये दोन तरुण बायका झपाट्याने किडनी निकामी होऊन दवाखान्यात आल्या. दोघी एकाच क्लिनिकच्या. तिथल्या नेफ्रॉलॉजिस्टनी शहरातल्या बाकीच्या किडनी विभागांत चौकशी केली, तर पन्नाशीच्या आतल्या आणखी सात जणी निघाल्या. १९९३ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. पुढे आकडा शंभरावर गेला. झालं होतं असं की स्टेफानियाच्या मुळांऐवजी ॲरिस्टोलोकिया या दुसऱ्याच वनस्पतीची मुळं पुरवली गेली होती, आणि तिच्यातलं ॲरिस्टोलोकिक आम्ल किडनीला घातक. चीनच्या बाजारात दोन्ही 'फांग जी'च, फक्त आधी लागणारं विशेषण वेगळं. वाळवून चकत्या केल्यावर दिसायलाही सारख्याच.

आपल्याकडे द्रव्यगुणात 'संदिग्ध द्रव्य' शिकलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. शंखपुष्पी मागा, दुकानागणिक वेगळी वनस्पती पुडीत येते. आणि ॲरिस्टोलोकिया काही परदेशी पाहुणी नाही. आपली सापसण म्हणजे ईश्वरी तीच, आणि किडामारही त्याच कुळातली.

आता प्रश्न. पहिला: गाईड म्हणतात, फक्त इंग्रजी पेपर घे, चिनी सोडून दे, कुणी विचारणार नाही. हे कितपत चालेल? दुसरा: तैवानने हे सगळं विम्याच्या नोंदींवरून मोजलं. आपल्याकडे काढा कुणी दिला, कुणी घेतला, याची नोंदच नसते. मग डायलिसिसच्या रुग्णांना विचारायचं तरी कसं?

तैपेईतला मी

तैवानात बरीच वर्षं राहतोय, आरोग्यविम्याच्या आकडेवारीशी रोजचा संबंध आहे, म्हणून लिहितो.

इथला राष्ट्रीय विमा १९९५ साली सुरू झाला आणि त्यात चिनी औषधोपचारही येतात. म्हणजे चिनी वैद्याने लिहून दिलेल्या पावडरीचं नाव आणि ग्रॅम, दोन्ही सरकारच्या संगणकात. या नोंदींतून दोन लाख लोकांचा नमुना काढून पाहिलं, तर १९९७ ते २००३ या काळात तीनपैकी एकाहून जास्त जणांना ॲरिस्टोलोकिक आम्ल असलेलं किंवा असू शकणारं काहीतरी लिहून दिलं गेलं होतं. दवाखान्यातून, कागदोपत्री, रीतसर. चोरीछुपे काही नाही.

मग २०१० मध्ये मूत्रमार्गाच्या कर्करोगाचे साडेचार हजारांवर रुग्ण घेऊन तुलना केली. ज्यांच्या नावावर एकूण ६० ग्रॅमपेक्षा जास्त 'मू तोंग' (या नावाखाली ॲरिस्टोलोकियाही विकली जायची) होतं त्यांच्यात धोका वाढलेला दिसला. ग्रॅम मोजता आले म्हणून हे कळलं. 'कधी वनौषधी घेतल्या होत्या का? हो/नाही' एवढंच विचारलं असतं तर अर्ध्या तैवानने 'हो' म्हटलं असतं आणि हाती भोपळा.

तैवानने २००३ च्या अखेरीस बंदी घातली. चीनने त्याच सुमारास 'ग्वान मू तोंग' (मू तोंगचा ॲरिस्टोलोकियावाला प्रकार) काढून टाकलं, पुढच्या वर्षी 'ग्वांग फांग जी' (फांग जीचा तसाच प्रकार), आणि ॲरिस्टोलोकियाची शेवटची दोन द्रव्यं २०२० च्या औषधकोशातून गेली. त्याच कुळातलं 'शी शिन' मात्र अजून आहे, फक्त मूळच वापरायचं या अटीवर. बंदी एका झटक्यात येत नाही, एकेक नाव गळत जातं. तुमच्या प्रस्तावनेत हा कालक्रम जरूर घ्या.

आता तुमच्या गाईडसाहेबांचं. बेल्जियमच्या जवळजवळ तीस वर्षं आधी, १९६४ साली, चीनमधल्याच एका वैद्यकीय मासिकात मू तोंग जास्त प्रमाणात घेऊन किडनी निकामी झालेल्या दोन रुग्णांची नोंद छापली गेली होती. चिनी भाषेत. बाहेर कुणी वाचली नाही. 'चिनी पेपर सोडून दे' याचं उत्तर माझ्या मते एवढंच पुरे आहे.

आकडेमोड

तैपेईकरांना +१.

पहिल्या प्रश्नाची व्यवहारी बाजू. चिनी न येता चिनी पेपर शोधता येतात. सीएनकेआय आणि वानफांग या चिनी संशोधनपत्रांच्या दोन ऑनलाइन साठ्यांत बऱ्याच पेपरांचा गोषवारा इंग्रजीतही असतो. गोषवारा वाचून चाळणी लावा, उरलेल्यांना भाषांतराचं यंत्र लावा, आणि जे दहा-पंधरा शेवटी आत घ्यायचे तेवढे चिनी येणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या. पद्धतीच्या भागात हे जसं केलं तसं लिहून टाका. परीक्षक कबूल केलेल्या मर्यादेवर सहसा अडवत नाहीत, लपवलेलीवर अडवतात.

पण सावधपणे. उपचार लागू पडतो का, अशा चिनी चाचण्यांबद्दल १९९८ मध्ये एक गाजलेली तपासणी झाली होती. चीनमध्ये झालेल्या ॲक्युपंक्चरच्या चाचण्या जवळपास झाडून सगळ्या यशस्वी निघालेल्या. सगळ्याच यशस्वी म्हटल्यावर डाळ शिजलेली नसून करपलेली असते. अपयशी चाचण्या छापल्याच जात नव्हत्या, असा त्याचा सरळ अर्थ. अलीकडे चित्र बदलतंय, हेही खरं. २०२३ मध्ये 'जामा'त हृदयविकाराच्या झटक्यावर तोंगशिनलुओ या चिनी औषधाची मोठी, प्लासिबोसह चाचणी आली. साडेतीन हजारांवर रुग्ण, निकाल औषधाच्या बाजूने. पुढच्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये मेंदूतल्या रक्तस्रावावरच्या दुसऱ्या एका चिनी काढ्याची चाचणी आली, सोळाशेवर रुग्ण, आणि फायदा शून्य. दुसरी छापून आली याचा मला जास्त आनंद झाला. तुम्ही मात्र अपायाच्या नोंदी शोधताय, तिथे पक्षपात उलट दिशेचा असू शकतो.

दुसऱ्या प्रश्नावर आकड्याची कात्री. समजा निरोगी लोकांत सापसण घेतलेले २ टक्के आहेत आणि तुम्हाला तिप्पट शक्यता पकडायची आहे, तर प्रत्येक गटात साधारण चारशे माणसं लागतील. 'कुठलाही काढा वा चूर्ण' असं ढोबळ विचारलंत आणि ते १० टक्के असेल, तर शंभरात भागेल. एकट्या एमपीएचच्या विद्यार्थिनीला शंभर झेपतील, चारशे नाही. म्हणजे सोपा प्रश्न परवडतो पण उत्तर निरुपयोगी, आणि कामाचा प्रश्न परवडत नाही. यातून वाट काढायची आहे.

ज्येष्ठ वैद्य

चाळीस वर्षांहून अधिक काळ चिकित्सा करत असल्याने स्पष्ट लिहितो. चीनमधल्या भेसळीचं खापर आयुर्वेदाच्या डोक्यावर फोडण्याची ही नेहमीची रीत आहे. ईश्वरी आम्ही कधीही महिनोनमहिने देत नाही. मात्रा, अनुपान, काल हे पाहून दिलेलं द्रव्य आणि कुण्या क्लिनिकने वजन उतरवायला दिलेल्या गोळ्या यांची तुलना तरी कशी होते? आधुनिक वेदनाशामक गोळ्यांनी किती किडन्या गेल्या, त्यावर प्रबंध का नाही?

रानजाई

काका, आदर राखून सांगते, मीही त्याच शास्त्रातली आहे. वेदनाशामकांबद्दल तुमचं बरोबर आहे, तो रकाना प्रश्नावलीत हवाच. पण रुग्ण तुमच्याकडे येतो तसा आठवडी बाजारातल्या वैदूकडेही जातो, आणि तिथे अनुपान-काल कोण पाहतं? शिवाय ब्रसेल्सच्या रुग्णांत पुढे ३९ जणांच्या निकामी किडन्या आणि मूत्रनलिका खबरदारी म्हणून काढल्या, तर १८ जणांत कर्करोग निघाला. गोळ्या कधीच्या बंद झाल्यावर. मला 'कमी दिवस दिलं तर चालतं' हे कुठल्या आधारावर म्हणायचं ते कळत नाही. तुमच्याकडे जुन्या रुग्णांच्या नोंदवह्या असतील तर मला खरंच पाहायला आवडतील.

विदर्भातला नेफ्रो

ड्युटीवर आहे, तुटक लिहितो.

१. ताई, ॲरिस्टोलोकियाच्या मागे लागण्याआधी इथे काय दिसतं ते पाहा. आमच्याकडे 'देशी औषध' घेऊन येणाऱ्या रुग्णांत मला बऱ्याचदा दिसतो तो पारा. वेल्लोरच्या सीएमसीने २०२२ मध्ये छापलंय: पारंपरिक औषधं घेणारे, लघवीतून भरमसाठ प्रथिनं जाणारे, बायोप्सीत नेल-१ नावाच्या प्रथिनाशी निगडित मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी (किडनीच्या गाळणीचा आजार), आणि औषधांत पारा. केरळात गोरं करणाऱ्या क्रीममधून तेच. चांगली बातमी अशी की औषध थांबवलं की बरेच जण सुधारतात.

२. हे दोन आजार एका प्रश्नावलीत कोंबू नका. पाऱ्याचा रुग्ण सुजून येतो, लघवीला फेस, क्रिएटिनिन बहुतेकदा ठीक. ॲरिस्टोलोकियाचा रुग्ण सुजत नाही, प्रथिनं किरकोळ, पण हिमोग्लोबिन तळाला आणि सोनोग्राफीत किडन्या आक्रसलेल्या. तो येतो तेव्हाच उशीर झालेला असतो. तुम्ही डायलिसिसच्या खुर्च्यांवर रुग्ण शोधलेत तर पाऱ्यावाले निसटतील, कारण ते तिथवर पोचतच नाहीत. बायोप्सीच्या यादीतून शोधलेत तर दुसरे निसटतील, कारण आक्रसलेल्या किडनीची बायोप्सी आम्ही करत नाही.

३. ॲरिस्टोलोकिक आम्लाची खूण डीएनएवर वर्षानुवर्षं राहते. तैवानने १५१ कर्करोग रुग्णांत ती शोधली. गाठीत ठरावीक प्रकारचे जनुकीय बदल असलेल्या बहुतेकांच्या किडनीत ती सापडली. तुमच्या बजेटात बसणार नाही, पण वरच्या मूत्रमार्गाच्या कर्करोगासाठी काढलेल्या किडन्यांचे ब्लॉक (मेणात बसवलेले तुकडे) मोठ्या पॅथॉलॉजी विभागांत जपून ठेवलेले असतात. पुढे पीएचडी केलीत तर.

आणि कुणीतरी विचारणारच म्हणून: आंध्रातल्या उद्दानमचा किडनीचा आजार ॲरिस्टोलोकियामुळे आहे असं सिद्ध झालेलं नाही. तो प्रबंधात ओढू नका.

पाचूबंदर

अवांतर: चिनी वैद्यक म्हटलं की आपल्याला सोलापूरचे डॉ. कोटणीस आठवतात, पण ते शल्यचिकित्सक म्हणून गेले होते. त्यांच्या पथकातले डॉ. बिजयकुमार बसू पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकून आले आणि भारतात ते रुजवायला त्यांचा मोठा हात होता. असो, चालू द्या.

फुलपाखरूवेडा

वैद्यक कळत नाही, पण सापसण कळते. सदर्न बर्डविंग आणि क्रिम्सन रोजच्या अळ्या हीच वेल खातात, त्यामुळे फुलपाखरू उद्यानवाले ती मुद्दाम लावतात. रानजाईताई, रुग्णाला नाव विचारू नका. हिरव्या वेलीचा फोटो दाखवा, फुलाचा वेगळा (खाली फुगीर, वर नळी, तोंडाशी जांभळट जीभ) आणि उलट्या टांगलेल्या टोपलीसारखं वाळून फुटलेलं फळ. सिंधुदुर्गातल्या म्हाताऱ्या बायका फळावरून एका क्षणात ओळखतात. वाळलेलं मूळ मात्र मलाही ओळखता येत नाही, वास तेवढा उग्र येतो.

आकडेमोड

हे बेस्ट. मग असं करा. लोकांना शोधू नका, दुकानं शोधा. एका जिल्ह्यातली काष्ठौषधीची दुकानं आणि आठवडी बाजारातल्या वैदूंच्या पथाऱ्या यांची यादी करा, प्रत्येकाकडून ईश्वरी मूळ आणि त्याच्या बदली मिळणारी द्रव्यं विकत घ्या, नमुन्याला क्रमांक द्या, वनस्पतिशास्त्र विभागाकडून ओळख पटवा आणि टीएलसी (पातळ थरावर घटक वेगळे करून ओळखायची चाचणी) करून ॲरिस्टोलोकिक आम्ल आहे का ते पाहा. तीस-चाळीस नमुन्यांत प्रबंध होतो. या भागात रुग्ण नाहीत म्हटल्यावर त्यापुरता नैतिकता समितीचा व्यापही हलका. डायलिसिसवाल्यांशी वीसएक सविस्तर मुलाखती जोडा, त्यावरून आकडे काढू नका, फक्त लोक कुठून काय घेतात ते समजून घ्या.

विदर्भातला नेफ्रो

हे पटलं. दुकानातल्या नमुन्यांत पाराही तपासून घ्या, प्रयोगशाळेत जातच आहात तर. आणि मुलाखतीत एखादा संशयित निघाला तर आयुषच्या औषधदक्षता केंद्राकडे नोंद पाठवा, प्रबंधात पुरून ठेवू नका.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. गाईडना १९६४ ची गोष्ट आज सांगितली. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, 'चिनी तपासून देणारा माणूस तूच शोध.' म्हणजे होकारच.

दुकानांचा आराखडा पक्का करतेय. जिल्हा सिंधुदुर्ग घ्यायचा विचार आहे. टीएलसीसाठी शुद्ध ॲरिस्टोलोकिक आम्लाचा संदर्भ नमुना लागेल. तो कॉलेजच्या खरेदी विभागातून मागवायला किती वेळ लागतो, हे कुणी केलं असेल तर सांगा. तैपेईकर, दहा-बारा चिनी पेपर नजरेखालून घालाल का? व्यनि केला आहे.

तैपेईतला मी

पाठवा. पण मू तोंगच्या आधीचा शब्द कापू नका, 'ग्वान', 'च्वान' की नुसतं, ते मला मूळ पानावर बघायचंय. गोषवाऱ्यात बऱ्याचदा तो गाळलेला असतो.

ज्येष्ठ वैद्य

नोंदवह्या आहेत. मोडी-मिश्रित आहेत, वाचता येतील का ते पाहा. रविवारी सकाळी या.