25 वॉट पुरे, केबलला पैसे ठेवा

हॅम रेडिओचा सेट किती वॉटचा घ्यावा, असं तुम्ही विचारलंय आणि वर दोघातिघांनी ‘50 वॉटच्या खाली घेऊच नका’ असं सांगितलंय. मला नाही पटत. तुम्हाला घरी आणि गाडीत एकच सेट हवाय, बजेट बेताचं. मग ॲनीटोन एटी-778यूव्ही बघा. व्हीएचएफ बँडवर 25 वॉट, त्याहून वरच्या फ्रिक्वेन्सीच्या यूएचएफ बँडवर जरा कमी. 25 चे 50 केले की फरक 3 डेसिबलचा, म्हणजे समोरच्याच्या सिग्नल मीटरवर अर्धा एस-युनिट, अर्धी पायरीच. कानाला कळला तर कळला.

खरी पॉवर खाते ती अँटेनाची केबल. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एखाद्या बिल्डिंगच्या गच्चीवर अँटेना लावून 15 मीटर आरजी-58 ही बारीक केबल खाली सोडली, तर 435 मेगाहर्ट्झला, म्हणजे यूएचएफवर, वर अँटेनापर्यंत जेमतेम पाव पॉवर पोचते. ऐकण्यातही तेवढीच घट. आरजी-213 घ्या. जाडजूड आहे, खिडकीच्या फटीतून घालताना वैताग येतो, पण घ्याच.

778 ची अडचण अशी, की स्क्रीनवर फ्रिक्वेन्सी दोन दिसतात, ऐकू मात्र एका वेळी एकच येते. 2027 च्या कुंभात मदतीला उभं राहायचा विचार असेल तर टीवायटी टीएच-7800 परवडतोय का पाहा. तो दोन्ही बँड एकदम ऐकतो. क्रॉसबँड रिपीटही (एका बँडवर ऐकलेलं दुसऱ्या बँडवर आपोआप पुढे पाठवणं) आहे, पण वापरण्याआधी परवान्याच्या अटी वाचा.

गाडीत लायटरच्या सॉकेटवरून सप्लाय घेऊ नका, थेट बॅटरीवरून वायर ओढा आणि फ्यूज बॅटरीजवळच टाका. आणि बाहेरून मागवणार असाल तर डब्ल्यूपीसीची (केंद्राच्या दूरसंचार विभागाची वायरलेस परवाने देणारी शाखा) परवानगी आधी, ऑर्डर नंतर. नाहीतर सेट कस्टममध्ये बसेल.