हरित विजेसाठी युनिटमागे ६६ पैसे जादा: आपणहून भरावेत का?

पठारावरची
पुण्यातल्या आमच्या ६० सदनिकांच्या सोसायटीत हा विषय वार्षिक सभेला येतोय, म्हणून धागा काढते. राज्य वीज नियामक आयोगाने मार्च २०२१ मध्ये सोय केली: ज्याला सगळी वीज अपारंपरिक स्रोतांची (ऊन, वारा वगैरे) हवी, त्याने नेहमीच्या दरावर युनिटमागे, तेव्हा ठरले ते, ६६ पैसे जास्त भरायचे. सक्ती नाही. त्या दराने महिन्याला २०० युनिट वापरणाऱ्या घराला १३२ रुपये पडतात.

माझं मत, भरावेत. माझं माहेर पाटण तालुक्यातलं. वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या फिरताना पाहत मोठी झाले. ती वीज हवी असं शहरातल्या माणसाने पैसे देऊन सांगितलं, तरच ती वाढेल ना?

हिशेबी
ताई, भावना पटते, मार्ग पटत नाही. तारेतून येणारी वीज तीच राहते. वीज कंपनीला ठरावीक वाटा अपारंपरिक घ्यावाच लागतो, तसा नियम आहे. मग तुमच्या १३२ रुपयांनी त्या वाट्याच्या वर एक तरी नवं पॅनेल उभं राहिलं का, हे तुम्हाला कोण दाखवणार?

उलट हिशेब करा. ६० घरं गुणिले १३२, म्हणजे वर्षाला सुमारे ९५ हजार. सोसायटीच्या सामाईक वापरासाठी गच्चीवर सौर पॅनेल लावली तर केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत किलोवॉटमागे १८ हजार अनुदान आहे. १० किलोवॉट बसवलं तर १ लाख ८० हजार तिथूनच आले. दिवसाला साधारण ४० युनिट धरा. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांचं बिल लगेच उतरेल. पावसाळ्यात कमी होईल, ते मान्य.

भाडेकरू_कोथरूड
हे छप्परवाल्यांचं गणित झालं. मी भाड्याने राहते, दर दोन वर्षांनी घर बदलते. वर गच्चीत पॅनेल लावा म्हणायला मी कोण? मला ६६ पैसे भरणं एवढंच शक्य आहे, आणि ते मी भरते. दिल्लीत २०१९ पासून एका ठिकाणच्या सौर संचात अनेकांना हिस्सा घेता येतो, प्रत्येकाच्या बिलातून युनिट वजा होतात. तसा सोपा हिस्सा मिळाला तर मी आज पैसे काढून देईन.

गावकुस
हिस्साच घ्यायचा तर ओदनथुराईसारखा घ्यावा. कोइमतूर जिल्ह्यातली ही ग्रामपंचायत. २००६ मध्ये साठलेले पैसे आणि बँकेचं कर्ज मिळवून ३५० किलोवॉटची पवनचक्की घेतली, वापरून उरलेली वीज तिथल्या वीज मंडळाला विकली आणि कर्ज फेडलं. पवनचक्की गावात नाही बरं का, वारा जिथे आहे तिथे, उडुमलपेटच्या बाजूला आहे. म्हणजे ‘आपली वीज’ म्हणायला ती आपल्याच शिवारात असावी लागत नाही, मालकी आपली असावी लागते.

जुना_वायरमन
मालकीचं कौतुक मीही केलंय, पण पुढचंही बघा. बिहारमधल्या धरनईत २०१४ मध्ये १०० किलोवॉटचं सौर सूक्ष्मजाळं, म्हणजे गावापुरतं वेगळं वीजजाळं, आलं. त्याच्या विजेवर टीव्ही-फ्रिज चालवायची मुभा नव्हती, लोकांना ‘असली बिजली’ हवी होती. मग सरकारी विजेची मुख्य तार आली, ती वीज स्वस्तही होती, आणि सौर संच बंद पडला. आपल्याकडे मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था होती. वितरणच करायची, पण सभासदांचीच होती. थकबाकी साचत गेली आणि २०११ मध्ये तिचं क्षेत्र महावितरणकडे गेलं. वर्गणीच्या उत्साहात यंत्र बसतं. पाचव्या वर्षी इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणारं यंत्र) गेला की फोन कोणाला करायचा, हे आधी लिहून ठेवत नाहीत. म्हणून मी हिशेबींच्या विरोधात: सामान्य घराने ६६ पैसे भरावेत, देखभाल ज्यांचं काम आहे त्यांनी करावी.

ब्लॅक_फॉरेस्टकर
जर्मनीत राहतो. जवळच शोनाउ नावाचं छोटं गाव आहे. १९८६ च्या चेर्नोबिल अणुभट्टीच्या अपघातानंतर तिथल्या पालकांनी चळवळ केली, गावात दोनदा मतदान जिंकलं आणि १९९७ मध्ये गावाचं वीजजाळंच विकत घेतलं. त्यांची वीज घेणारा माणूस युनिटमागे थोडा ‘सूर्य-सेंट’ भरतो आणि तो पैसा लोकांच्या नव्या छोट्या संचांना मिळतो. पैसा कुठे गेला हे दिसतं, म्हणून लोक टिकून राहतात.

हिशेबी
हेच म्हणत होतो! जादा पैशाचं खातं वेगळं असेल तर मीही भरेन. वायरमनकाका, देखभालीचा मुद्दा खरा आहे, माझ्या गणितात तो नव्हता. पाच वर्षांचा करार आणि बाजूला ठेवायची रक्कम धरली तर घातलेला पैसा वसूल व्हायला जास्त वर्षं लागतात. तरीही गच्चीच बरी.

पठारावरची
भाडेकरूताईंचं वाचून थांबले. आमच्याकडे ६० पैकी १७ घरं भाड्याची आहेत, त्यांना मी विचारलंच नव्हतं. ६६ पैशांचं मी सोडत नाही, आमच्या घराचा अर्ज सोमवारी देते. सभेत मात्र गच्चीचा ठराव मांडेन, आणि देखभालीची रक्कम त्याच ठरावात लिहीन. काका, ती किती धरू?

जुना_वायरमन
इन्व्हर्टरच्या आजच्या किमतीएवढी पाच वर्षांत साठेल, अशी. आणि पॅनेल धुवायला गच्चीवर नळ आहे का, ते आधी बघा.