सेफवर्ड ठरला म्हणजे झालं?

गाठभेद (धागाकर्ता): दोरी असो की गरम मेण, एज प्लेची, म्हणजे इजेची जोखीम असलेल्या लैंगिक खेळांची, कुठलीही चर्चा सेफवर्डपाशी, म्हणजे उच्चारताच सगळं थांबवायच्या ठरलेल्या शब्दापाशी, येऊन थांबते. शब्द ठरला, आता काय व्हायचंय? माझं म्हणणं असं की ज्याने तो शब्द उच्चारायचा, त्याचंच भान त्या घडीला सगळ्यात कमी भरवशाचं असतं. एंडॉर्फिन्स वेदना दाबतात, तंद्री लागते, समोरच्याचा विरस नको म्हणून माणूस गप्पही बसतो. तेव्हा तपासायचं काम बांधणाऱ्याचं. दंडाच्या मागून-बाहेरून रेडियल नस (रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू) हाडाला लगटून जाते. तिथे दोरी रुतली तर दुखेलच असं नाही. अंगठा आणि तर्जनीमधली हाताच्या पाठीवरची जागा बधिर होते, मनगट वर उचलत नाही. ते भरून यायला आठवडे, कधी महिने जातात. दर काही मिनिटांनी "मनगट मागे घे, माझी बोटं दाब" म्हणायला काय जातं?

सरळसोट: साफ असहमत. असं सारखं तपासत बसायचं तर त्याला ओपीडी म्हणा. जुन्या जोडीला श्वासावरून कळतं. आणि लाल-पिवळा-हिरवा आहेच की! घोळ होतो तो पिवळा न ठरवल्यामुळे. एकदम 'लाल' म्हणायला जीभ रेटत नाही, 'पिवळा' म्हणजे जरा हळू घे, एवढं सहज निघतं.

गाठभेद: पिवळ्याचं मान्य. पण श्वासावरून नस कळत नाही हो. रक्त अडलं तर अख्ख्या हाताला हळूहळू मुंग्या येतात, हात गार आणि निळसर पडतो. नस दबली की रंग बहुधा तसाच, बधिरपणा मात्र एकाएकी आणि एका ठरावीक पट्ट्यात. तिथे सैल करून वाट बघायची नाही, लगेच सोडायचं. गाठ सुटत नसेल तर कापायचं. बोथट टोकाची कात्री हाताशी हवी, आणि ती त्याच दोरीच्या तुकड्यावर आधी चालवून पाहिलेली.

काकदृष्टी: तोंड बंद असेल तर दोघांचाही वाद फुकट. हातात किल्ल्यांचा जुडगा द्या, पडला की थांबा. चेंडू देतात काही जण, तो सतरंजीवर पडला तर ऐकूच येत नाही. बोटं बधिर होऊन जुडगा आपसूक पडला तर उत्तमच. मूठ आवळली गेली तर मात्र पडणार नाही, म्हणून जोडीला तीन हुंकारांची खूण. आणि बांधलेल्याला एकटं सोडून 'आलोच' म्हणत खोलीबाहेर जाणं बंद.

मुक्तछंद: मग गळा दाबण्याबद्दल सगळे नाकं का मुरडतात? दोरीने टांगण्यातही जोखीम आहेच. 'सुरक्षित, शुद्धीत, संमतीने' ही १९८३ची त्रिसूत्री मागे पडून 'जोखीम जाणून संमती' आली ती यासाठीच ना? दोन प्रौढांनी ठरवलंय, तिसऱ्याने का पडावं मध्ये?

काकदृष्टी: 'जाणून' हाच त्यातला कळीचा शब्द. दोन्ही कॅरोटिड, म्हणजे मानेतून मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या, दाबल्या गेल्या की दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते, आणि विचारशक्ती त्याच्याही आधी. थांबवणारी खूण करायची कुणी? धमनीचं अस्तर फाटलं तर पक्षाघाताचा झटका काही दिवसांनीही येऊ शकतो, तोवर सगळं ठाकठीक दिसतं. दोरीला कात्री आहे, याला काय आहे? हलका हात, कमी वेळ, कशानेच हे सुरक्षित होत नाही. इंग्लंड-वेल्समध्ये तर २०२१च्या कायद्याने स्पष्टच केलंय की लैंगिक सुखासाठी केलेल्या गंभीर इजेला संमती हा बचाव नाही.

मुक्तछंद: कायद्यात नाही म्हणून चूक, हा युक्तिवाद मला पटत नाही. सेकंदांचं मात्र डोक्यात राहील.

सरळसोट: एक शंका. आधी न ठरलेलं काही मध्येच विचारलं आणि समोरून 'हो' आलं तर?

गाठभेद: तंद्रीतला होकार धरायचा नाही. पुढच्या वेळी, चहा पिताना विचारा.

सरळसोट: म्हणजे कमी करायचं असलं तरी चहापर्यंत थांबायचं?

गाठभेद: कमी करायला विचारावं कशाला लागतं?