जनमत फिरलं की चिखलफेक 'आपोआप' थांबते म्हणे!

गोदाकाठचा
परवा तपोवनकरांनी ठोकून दिलं: "युद्धाविरुद्ध जनमत गेलं की 'पळपुटा', 'देशद्रोही' या शिव्यांची धार आपोआप जाते. अमेरिकेत इराक युद्धाच्या काळात २००४ ला अध्यक्षपदाचे डेमोक्रॅट उमेदवार केरी बुडाले, २००५ ला खासदार मर्था तरले. झालं सिद्ध." त्या 'आपोआप'ने डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा.

केरींवरचा वार कसा बसला ते बघा. ५ ऑगस्ट २००४ ला स्विफ्ट बोटवाल्या (व्हिएतनाम युद्धात गस्ती बोटींवर असलेल्या) माजी सैनिकांची केरींविरुद्धची पहिली जाहिरात आली. ओहायो, विस्कॉन्सिन आणि वेस्ट व्हर्जिनिया ही तीनच राज्यं, खर्च साधारण ५ लाख डॉलर. पुढचं काम वाहिन्यांनी फुकटात केलं: आरोप खरा की खोटा यावर चर्चा, आणि चर्चेआधी तोच तुकडा पुन्हा दाखवायचा. जाहिरात पक्षाची नाही, बाहेरच्या गटाची, त्यामुळे केरींचे प्रतिस्पर्धी, राष्ट्राध्यक्ष बुश हात झटकायला मोकळे. वारही दुबळ्या जागी नव्हता, थेट केरींनी व्हिएतनाम युद्धात मिळवलेल्या पदकांवर होता.

केरी स्वतः तोंड उघडतात १९ ऑगस्टला. का? तेव्हा उमेदवारी स्वीकारली की सरकारी निधीचे साडेसात कोटी डॉलर मिळायचे आणि मतदानापर्यंत प्रचार तेवढ्यातच भागवावा लागायचा. केरींनी २९ जुलैला स्वीकारली, बुशनी २ सप्टेंबरला. तेवढ्याच पैशात एकाला ९६ दिवस काढायचे, दुसऱ्याला ६१. म्हणून ऑगस्टात हात आखडला आणि त्याच महिन्यात चिखल वाळून घट्ट बसला. यात जनमत कुठे आलं? जून २००४ च्या गॅलप या संस्थेच्या जनमत पाहणीत ५४ टक्के लोक इराकमध्ये सैन्य पाठवणं चूक होतं असं म्हणत होते. तरी वार लागलाच ना?

तपोवनकर
जूनमधला आकडा उचलायचा आणि तो नंतर पुन्हा खाली आला हे गाळायचं, वा! २००४ ला देश अर्धा-अर्धा होता. फिरला तो २००५ ला.

मर्थांकडे बघा. मरीन आणि राखीव दल धरून ३७ वर्षं सेवा, दोन पर्पल हार्ट (युद्धात जखमी झालेल्यांचं पदक). १७ नोव्हेंबर २००५ ला 'इराकमधून सैन्य परत आणा' म्हणाले. लगेच व्हाइट हाउसने त्यांना युद्धविरोधी चित्रपटकार मायकेल मूरच्या पंगतीत बसवलं. १८ ला रिपब्लिकन खासदार जीन श्मिट बाईंनी सभागृहात 'भित्रे पळतात, मरीन नाही' अशा अर्थाचा कुणाचा तरी निरोप ऐकवला. असा गदारोळ उठला की शब्द मागे घ्यावे लागले. आणि २० ला खुद्द बुश बीजिंगमधून सांगतात, मर्था भला माणूस आहे. तीन दिवसांत थुंकी गिळली, आणि जाहिरातीवर मर्थांचा छदामही गेला नव्हता. तुमचा निधीचा हिशेब ठेवा गुंडाळून.

गोदाकाठचा
थुंकी गिळली, मान्य. पण १८ तारखेचंच मतदान बरं विसरलात! 'ताबडतोब माघार' हा ठराव रिपब्लिकनांनीच सापळा म्हणून आणला. बाजूने ३, विरोधात ४०३. खुद्द मर्थांचं मतही विरोधातच. धार गेली होती तर बाकीचे डेमोक्रॅट कशाला बिचकले? आणि श्मिट बाई २००६ च्या डेमोक्रॅट लाटेत, काठावर का होईना, पुन्हा निवडून आल्याच.

सातपूरकर
दोघंही २००४ च्या अलीकडेच घुटमळताय. १९७२ घ्या. व्हिएतनाम चूक होती म्हणणारे १९६५ ला २४ टक्के, मे १९७१ ला ६१. तपोवनकरांच्या हिशेबाने १९७२ चे युद्धविरोधी डेमोक्रॅट उमेदवार मॅकगव्हर्नना हात लावायची कुणाची टाप नको होती. माणूस दुसऱ्या महायुद्धात बी-२४ च्या ३५ मोहिमा करून आलेला! तरी ५० पैकी ४९ राज्यं गेली. शिवी फक्त बदलली. 'भित्रा' चालेना, मग गांजा-गर्भपातवाल्यांचा उमेदवार, सक्तीची लष्करभरती चुकवणाऱ्यांना माफी देणारा.

लाल_कांदा
एवढ्या लांब कशाला जाता राव, दिंडोरीची २०२४ ची लोकसभा घ्या. ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याला निर्यातबंदी, ऐन लाल कांद्याच्या हंगामात. उन्हाळ असता तर चाळीत चार-पाच महिने टाकला असता, लाल टिकत नाही, मिळेल त्या भावात द्यावाच लागतो. वर एप्रिलमध्ये गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला वाट मोकळी. अशा वेळी कोण देशभक्त आणि कोण देशद्रोही हे ऐकायला लासलगाव-पिंपळगावात कान कुणाला होते? शरद पवार गटाचे उमेदवार भास्कर भगरेंच्या नावाशी जुळणारा अपक्ष उभा राहिला, चिन्ह तुतारी. खऱ्या भगरेंचं तुतारी वाजवणारा माणूस. त्या अपक्षाला लाखावर मतं पडली, तरी भगरे लाखावर फरकाने आले. खोटेपणाची धार बोथट होते ती अशी.

तपोवनकर
नावाचा गोंधळ म्हणजे बदनामी नव्हे. आणि कांदा म्हणजे युद्ध नव्हे. प्रत्येक धाग्यात कांदा आणलाच पाहिजे का?

लाल_कांदा
नाकाने कांदे सोलणाऱ्यांना वास येणारच. बंदी ४ मे ला उठली आणि मतदान २० ला, मग लोक शांत का नाही झाले, याचं उत्तर द्या. नाही ना? मी देतो. किमान निर्यात मूल्य टनाला ५५० डॉलर, त्यावर ४० टक्के शुल्क म्हणजे २२०. झाले ७७०. बोटीत चढायच्या आधीच किलोमागे ६४ रुपये! घेणार कोण? आणि लाल कांदा तर तोट्यात विकून झालेला. दिलासा माल विकल्यावर आला की तो दिलासा नसतो.

कॉलेजरोड
शुल्क २०२५ च्या एप्रिलमध्ये गेलं, आता सोडा की विषय.

लाल_कांदा
पीक वाया गेलं ते गेलंच. सोडा म्हणणाऱ्यांनी आधी चाळीत जाऊन सडका माल निवडावा.

सातपूरकर
थांबा, कांदेवाल्यांच्या बोलण्यात मुद्दा आहे, नाइलाजाने म्हणतो. १९७२ ला मॅकगव्हर्नना हरवणाऱ्या राष्ट्राध्यक्ष निक्सनने उलट केलं, दिलासा आधी दिला. १९६९ ला व्हिएतनाममध्ये ५ लाख ४० हजारांवर सैन्य, १९७२ च्या अखेरीस २४ हजार. सक्तीच्या भरतीची झळ घरोघरी कमी होत गेली, तीही मतदानाच्या कितीतरी आधी. लोक युद्धाच्या विरोधातच राहिले, पण युद्ध पोटाला टोचेनासं झालं. तेव्हा मॅकगव्हर्नवरच्या शिव्या पुन्हा लागायला लागल्या. २००५ ला उलट होतं. ऑक्टोबरात मृत अमेरिकी सैनिक २,००० च्या पुढे गेले आणि परतीचं वेळापत्रक नव्हतं.

गोदाकाठचा
म्हणजे टक्के नाही, झळ चालू आहे की नाही ते बघायचं. हे मी पहिल्यापासून...

तपोवनकर
तुम्ही पहिल्यापासून ९६ दिवसांचा हिशेब सांगत होतात. वर चढून वाचा. 'आपोआप' शब्द मागे घेतो, बाकी एक अक्षर नाही. मर्थांना भला माणूस म्हणावं लागलं ते लागलंच.

गोदाकाठचा
चला, श्मिट बाईंसारखे शब्द मागे तरी घेतलेत.

लाल_कांदा
७७० डॉलरचा हिशेब कुणी खोडला नाही, एवढी नोंद घ्या.