नशाबंदीचे कायदे सैल करावेत का? खुल्या बाजाराच्या समर्थकांना प्रश्न

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव):
१९८१ च्या निपाणीच्या तंबाखू आंदोलनापासून आमच्या घरात शेतकरी संघटनेच्या शरद जोशींचे विचार मानले जातात. शेतकऱ्याचा माल आणि बाजार यांच्या मध्ये सरकारने येऊ नये, हे मला मनापासून पटते. मग प्रौढ माणसाने स्वतःच्या शरीरात काय घ्यावे यातही सरकारने पडू नये, असे म्हणताना मी का अडखळतो? तत्त्वच अपुरे आहे की माझे धैर्य?

उत्तर (निपाणी):
आपले तत्त्व पुरेसे आहे. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, २०१३ मध्ये कर्नाटकानेही घातली. तरी पानटपरीवर पानमसाल्याची एक आणि तंबाखूची एक अशा दोन पुड्या सोबतच मिळतात, आणि गिऱ्हाईक त्या तळहातावर एकत्र करून तिथेच तोंडात टाकते. गुटख्यात निदान हा आडमार्ग तरी आहे. जिथे तोही नसतो तिथे धंदा पूर्णपणे चोरट्यांच्या हाती जातो, भेसळीची दाद कुठे मागता येत नाही, आणि लपवून न्यायला सोपा म्हणून जहाल माल पुढे येतो. अमेरिकेत १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात बिअर मागे पडून कडक दारू वाढली, ती याच हिशेबाने. खुल्या बाजाराचे समर्थक अमेरिकन अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांचा बंदीला विरोध होता, त्याच्या मुळाशीही हाच विचार होता.

उत्तर (खानापूर):
निपाणीकरांचा बाजाराचा हिशेब मान्य आहे, पण स्वातंत्र्याचा हिशेब एवढ्यावर मिटत नाही. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ मध्ये ‘ऑन लिबर्टी’ या पुस्तकात चीनमधील अफूच्या आयातबंदीला ग्राहकाच्या स्वातंत्र्यावरील अतिक्रमण म्हटले होते; पण स्वतःला गुलाम म्हणून विकण्याचे स्वातंत्र्य माणसाला नाही, असेही त्यांनी त्याच पुस्तकात म्हटले आहे. हेरॉइनचे व्यसन यांपैकी कशात बसते, हाच खरा वाद आहे, आणि सोळा वर्षांच्या पोराबाबत तर तो वादही उरत नाही. पोर्तुगालचा दाखला सगळेच देतात. पण तेथे २००१ पासून फक्त स्वतःपुरता माल बाळगणे गुन्ह्यातून वगळले आहे, विक्री आजही गुन्हाच आहे. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात २०२० च्या मतदानाने असा माल बाळगण्याची शिक्षा काढली आणि २०२४ मध्ये विधिमंडळाने ती परत आणली.

उत्तर (वकील, बेळगाव):
चर्चा अमेरिकेत पोहोचली आहे, म्हणून येथील कायदा सांगतो. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात कलम २७ नुसार नुसत्या सेवनालाही कैद होऊ शकते. हेरॉइन, कोकेन यांसाठी एक वर्षापर्यंत, इतरांसाठी सहा महिन्यांपर्यंत. कलम ६४-अ मात्र स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण देते, आणि उपचार अर्धवट सोडल्यास ते काढूनही घेता येते. शिवरात्रीच्या भांगेची नुसती पाने तर गांजाच्या व्याख्येतच येत नाहीत. माझ्या मते टिळकवाडीकरांनी अडखळायचेच असेल तर विक्रीपाशी अडखळावे. सेवनाची कैद रद्द करण्याची मागणी ते आजही निःसंकोच करू शकतात; फक्त उपचाराचा खर्च करदात्याने का द्यावा, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याच पंथाला आधी द्यावे लागेल.