मदत हवी आहे: बहुमताला लगाम कुणाचा?

नमस्कार मंडळी. चौदा एप्रिलनिमित्त आमच्या भागात आंबेडकरी जलसा झाला. डफ, ढोलकी, पेटी, आणि कोरसातल्या मुली तर अशा खणखणीत की मागच्या रांगेतले पोलीसही ताल धरत होते. शाहिरांनी मध्येच विचारलं, "शंभरातल्या साठांनी हात वर केले, म्हणून उरलेल्या चाळीसांची भाकर काढून घ्यायची का?" टाळ्या पडल्या. माझा मामेभाऊ मात्र चिडला. "मग मतदान घेता कशाला?" तिथपासून आमचा वाद चालू आहे.

मी त्याला बाबासाहेबांचं १९४५ चं म्हणणं सांगितलं: भारतातलं बहुमत घडत नाही, ते जन्माने ठरतं. पुढे सर्वोच्च न्यायालयातला १९७३ चा केशवानंद भारती खटलाही सांगितला, की संसदेलाही घटनेची मूलभूत चौकट मोडता येत नाही. त्यावर तो म्हणाला, "तो निकाल तरी सात न्यायाधीश विरुद्ध सहा असाच ना? म्हणजे तिथेही बहुमतच!" खरं सांगायचं तर मुद्दा बिनतोड वाटला.

याला उत्तर काय द्यावं? कायद्याच्या जाणकारांनी सोप्या मराठीत समजवावं. भावाला वाचायला देता येईल असं काही मराठीत असेल तर तेही सुचवा. इंग्रजी तो हातात धरत नाही.